पाठ केलेला उतारा

टायपिंगचा क्लास चालवणारे आमचे बशीर मास्तर गेल्याचं मला चिखलीच्या स्टँडवर कळलं. बुलढाण्याची एस.टी. लागली होती, माझा एक पाय पायरीवर. मी उतरलो नाही. कचेरीत गेलो, दिवसभर टाइप करत बसलो... तीन आठवडे झाले, अजून त्यांच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. कारण सांगून टाकतो.

उंद्रीहून सायकल हाणत मी चिखलीला त्यांच्याकडे शिकायला जायचो. त्यांची मराठी टायपिंगची मशिनं वेगवेगळ्या कारखान्यांची, पण अक्षरांची मांडणी सगळ्यांवर एकच. ती कुणाच्या मालकीची नव्हती. पुढे मी कचेरीत चिकटलो, कारभार मराठीत करायचं ठरलं आणि टाइपरायटरची एक मोठी कंपनी अवतरली. तिची अक्षरं भलत्याच जागी. कोणती मांडणी घ्यायची हे ठरवायला साहेबांनी चाचणी ठेवली. जुन्या मशिनवर मास्तर, कंपनीच्या मशिनवर मी. कंपनीच्या माणसानं आठवडाभर आधी मशीन माझ्या घरी पोचवलं आणि उतारा कोणता येणार तेही कानात सांगितलं. मी तेवढा एकच घोटला. असा सुटलो की साहेब खुर्चीतून उठले! दुसरा उतारा दिला असता तर मला ‘क’ शोधायला जेवणाची सुट्टी लागली असती.

अहवालात आलं, नवी मांडणी वेगवान. मग परीक्षा तिच्यावर, नोकऱ्या तिच्यावर, सुटे भाग फक्त कंपनीच्या एजंटकडे. मास्तरांचा क्लास ओस पडत बंद झाला. मीही चांगलाच अडकलो. नाव वेगवान टंकलेखक, आणि बोटं जन्मभर अक्षरं हुडकत फिरणारी. खरं बोलावं तर नोकरी जाणार.

गेल्या उन्हाळ्यात, पंधरा वर्षांनी, धीर करून त्यांच्यापुढे कबूल केलं. ते शांतपणे म्हणाले, “मले तवाच समजलं होतं बे. तुया हात मी वळखत नाही काय?”

“मंग तुमी बोलले काऊन नाही, मास्तर?”

“तुई नोकरी गेली असती. कंपनी तं तुयाबिगरबी आलीच असती.” मला जरा सुटल्यासारखं वाटलं, तोच ते म्हणाले, “पण तू चारचौघांत सांगशील, असं लय दिवस वाटत होतं मले...”

म्हणून हे चारचौघांत. शिकणाऱ्यानं खाली पाहू नये म्हणून मास्तर त्याच्या हातांवर रुमाल टाकायचे. काल हा लेख टाइप करायला बसलो, तसाच रुमाल टाकला, आणि बोटं न हुडकता धावली. पण त्यांनी शिकवलेल्या जागांवर. कंपनीच्या मशिनवर अख्खं पान अगम्य उमटलं. संपादकांना हातानं लिहून पाठवतो आहे. ते पान मास्तरांना मात्र वाचता आलं असतं.