मागचं इंजिन

“येकटीच? बँकर कुटं हाय?”

गल्लीतून कुणीही एकटं जाताना दिसलं की आबा हे विचारायचे. शाळेत निघालेल्या पोराला, भाजी घेऊन येणाऱ्या बाईला. एकदा वाट चुकलेल्या एका पर्यटकालाही विचारलं. त्याला वाटलं, म्हातारा बँक शोधतोय. आज रविवार आहे, बँक बंद असेल, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. आबा पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट सांगून हसत होते.

लोणावळ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला आमचा घाट एकटीनं चढवत नाही. कर्जतला तिच्या मागं जादा इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. ते गाडीला मागून रेटत वर आणतं. लोणावळ्याला त्याला सोडवतात आणि ते पुढच्या गाडीसाठी पुन्हा कर्जतला उतरतं. आत झोपलेल्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो. आबांची सारी नोकरी हे इंजिन गाडीपासून सोडवण्यात गेली.

त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. मी कॉलेजात काय शिकते, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. शेवटी आबांनीच मला विचारलं.

“जंतू,” मी म्हणाले.

“पाळतीस का मारतीस?”

“आधी पाळतो, मग मारतो.”

“मंग कोंबड्यांसारकंच की.”

आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा आईनं त्यांना त्यांच्या बायकोबद्दल विचारलं होतं, मावशी दिसत नाहीत. कर्जतला गेली, असं ते म्हणाले. आईला वाटलं, माहेर असेल. दिवाळीत तिनं मावशींसाठी फराळाचं ताट वेगळं काढलं आणि कधी येणार म्हणून चौकशी केली. आबा “बगू” म्हणाले. पुढंपुढं आईला राग यायला लागला. ती बंगल्यांवर साफसफाईला जायची, दमून यायची आणि शेजारच्या खोलीत म्हाताऱ्याला एकट्यानं भाकरी थापताना बघायची. म्हणायची, येवडं काय म्हायेर लागून गेलंय या बाईला.

मग आबांच्या टाचेला नवी चप्पल चावली. त्यांना शुगर होती. जखम भरेना, तेव्हा दुकानातून स्वतःच गोळ्या आणल्या. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करायचे. जखम पुन्हा चिघळली की वेगळ्या गोळ्या आणायचे. तुमच्याही ओळखीत असं करणारं कुणी असेल. असं होता होता जंतू औषधाला दाद न द्यायला शिकत जातात. वास यायला लागला तेव्हा आईनंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हे वर चढलं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

आबा त्यावर एकच वाक्य बोलले. “मंग यार्डापोतर कसा जाऊ?”

रोज संध्याकाळी ते यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. सुटलेलं इंजिन घाटाकडे निघालं की हात अर्धा वर करायचे आणि घरी यायचे. नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही, असं मला वाटायचं.

त्या वर्षी मी बाजारातल्या एका छोट्या लॅबमध्ये काम शिकायला जात होते. आबांच्या जखमेतला पू तपासायला तिथंच आला. ताटलीत त्यांचे जंतू पसरून लॅबच्या मॅडमनी मला वर औषधांच्या बारीक चकत्या ठेवू दिल्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. बहुतेक चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढले होते, जणू तिथं काही ठेवलंच नव्हतं. एकाच चकतीभोवती गोल, स्वच्छ जागा होती. तिच्यात दोन औषधं होती. त्यातलंच मुख्य औषध शेजारच्या चकतीत एकटं होतं. ती चकती जंतूंत पार बुडाली होती. मी बरोबर बघतेय ना, असं मॅडमना दोनदा विचारलं.

आबांना दवाखान्यात ठेवून ते इंजेक्शन सुरू केलं. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले. ते बाटलीकडे बघत होते. दोन औषधं कशाला, असं त्यांनी विचारलं.

मला नीट सांगता येईल का, याची खात्री नव्हती. तरी सांगितलं. तुमच्या जंतूंकडे कात्री आहे. औषध आलं की ते कातरून टाकतात. म्हणून सोबत दुसरं पाठवतात. ते जंतूंना मारत नाही, कात्रीत जाऊन अडकून बसतं. कात्री अडकली की पहिलं औषध आपलं काम करतं.

“म्हंजी बँकर.”

परीक्षेत हे चाललं नसतं. “अगदी तसं नाही आबा. बँकर गाडी चढवून परत जातो. हे तिथंच संपतं.”

“परत जात न्हाई?”

“नाही.”

त्यांनी पुन्हा बाटलीकडे बघितलं. मग म्हणाले, “पर गाडी चढती ना?”

“चढते.”

तेवढ्यात सिस्टर आली. रात्री घरचं कुणीतरी थांबायला हवं म्हणाली, बायको आहे का विचारलं. मी म्हटलं, आबा, कर्जतचा नंबर द्या, मी मावशींना फोन करते.

“तितं फोन लागत न्हाई, पोरी.”

मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

“लय वरसं झाली तिला जाऊन. बँकर वर आला, सुटला, की कर्जतलाच जातो. रोज माज्या हातानं सोडलाय. मंग तिला म्या आन कुटं धाडू?”

त्या रात्री आई त्यांच्याजवळ थांबली. मी तिला दाराबाहेरच सांगितलं. ती पदर खोचून आत गेली.

पाय वाचला. आबा लंगडत का होईना, यार्डापर्यंत जायला लागले. वर केलेला तो अर्धा हात कुणासाठी असतो, हे आता मला माहीत होतं. म्हणून मी चार पावलं मागं उभी राहायचे. पुढच्या दिवाळीलाही आईनं मावशींचं ताट वेगळं काढलं. फक्त कधी येणार, हे विचारलं नाही.

या थंडीत आबा झोपेतच गेले. हृदय थांबलं. जंतूंचा त्यात काही दोष नव्हता, आणि माझ्या शिक्षणात त्यावर काही उपायही नव्हता. त्यांच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू आलेत. गल्लीतून एकटी जाताना मला कुणी काही विचारत नाही.

परवा पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घेऊन मुंबईहून परत येत होते. डब्यात बरीचशी माणसं पेंगत होती. कर्जतला गाडी थांबली. मी उगाचच खिडकीतून फलाटावरचे चेहरे बघत राहिले. मग मागून एक हलका धक्का बसला. समोरची बाई दचकून जागी झाली, काही नाही असं बघून सावरली आणि मायेनं माझी चौकशी करायला लागली. कुठं उतरणार, एवढ्या लांब एकटीच का.

“नाही,” मी म्हणाले. “बँकर लागलाय.”