सांबारवडीतलं सांबार

दादाचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील पुण्याहून बदली होऊन रायपूरला आलेले, मोठ्या पदावर. मुलगी आणि तिचे आईवडील गुढियारीत आमच्या घरी पहिल्यांदाच जेवायला यायचे होते, म्हणून आईनं सकाळपासून सांबारवड्यांचा घाट घातला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाजारात भाजीवाल्या भैयाशी बोलताना धनिया, घरात सांबार. आईचं माहेर यवतमाळकडचं, बाबाही तिकडलेच, रेल्वेच्या नोकरीनं इकडे आलेले.

पाहुणे बसले. आईनं गरम वड्या पुढे ठेवल्या. "सांबारवडी आहे, घ्या न जी."

"अरे वा!" मुलीची आई खुश झाली. "तुमच्याकडे साउथसारखं सांबार करतात? मग ते कुठंय?"

'याच्यातच तर आहे' असं आई म्हणेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "आणते न, बसा."

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. "सांग न त्यायले, सांबार म्हणजे कोथिंबीर."

"काहून सांगू? आपल्याले मराठीच येत नाही म्हणतील."

तिनं वरणात चिंच कोळली, तिखट घातलं, वरून फोडणी दिली. वाट्या मीच बाहेर नेल्या.

मुलीचे वडील रंगात आले होते. सांबार मुळात आपलंच, तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यातलं, असं सांगत होते. बाबा "हव, हव" करत मान हलवत होते. मुलीच्या आईनं एक घोट घेतला. "थोडं वरणासारखं लागतंय, पण छान आहे हं." दादा ताटात बघत राहिला. माझे कान तापले. दाराशी पदर सावरत उभ्या असलेल्या आईची मला लाज वाटली, आणि तशी वाटली म्हणून माझी स्वतःची त्याहून जास्त.

लग्न झालं, छान झालं. पण आई तेव्हापासून कोथिंबीर म्हणू लागली. फोनवर सख्ख्या बहिणीशीसुद्धा. मावशी तिकडून हसली, "पुण्याची झाली काय वं तू?" आईनं विषय बदलला.

मग मी जरा शोधाशोध केली. संभार म्हणजे जमवलेलं साहित्य, पदार्थात घालायचा मसाला. आपलं हिरवं सांबार आणि ते दक्षिणेतलं, दोन्ही त्यातूनच आली असावीत, असं म्हणतात. पक्कं कोणालाच ठाऊक नाही. परवा आई भाजी निवडत बसली होती, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "आपला शब्द चुकीचा नव्हता, आई."

तिनं ऐकून घेतलं. "मंग तवाच काहून नाही बोलली त्यायच्यासमोर?"

तेव्हा एवढं कुठं माहीत होतं, असं म्हणणार होते. पण सांबार म्हणजे कोथिंबीर, इतकं तर मला माहीतच होतं. मी जुडीच्या काड्या मोडत बसले.