पटलावर न आलेला कागद

मंचरच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवताना मी एक नियम हटकून सांगायचो. मंत्र्याने सभागृहात सरकारी कागदातलं काही वाचून दाखवलं, तर तो कागद पटलावर ठेवावा लागतो, म्हणजे तो सगळ्यांना पाहता येतो. माझा फार लाडका नियम. निवृत्तीनंतर त्यानेच माझी जिरवली.

आमच्या वाडीची चौथीपर्यंतची शाळा बंद करून पोरांना हायवेपलीकडे धाडायचं घाटत होतं. त्या हायवेवर कांद्याचे ट्रक कसे सुटतात ते आम्हाला विचारा. विधानसभेत त्यावर प्रश्न आला, तेव्हा मी मोबाइल लावून बसलो होतो. शेजारीणही आली होती, तिची लेक दुसरीत.

मंत्र्यांनी एक कागद उंचावला. गावानेच ठराव करून संमती दिली आहे, म्हणाले. विरोधक उठले, "पटलावर ठेवा!" इकडे खाटेवरून मीही ओरडलो, "ठेवा!"

"मी वाचला नाही, फक्त आशय सांगितला," मंत्री थंडपणे म्हणाले.

झालं. आपल्या शब्दांत आशय सांगितला तर कागद ठेवावा लागत नाही. ही पळवाटही मीच वर्गात कौतुकाने शिकवलेली. असा संताप आला म्हणता!

"गुरुजी, कागुद हातात व्हता की! मंग दावला का न्हाई?"

"खोटा असणार, म्हणून!" मी ठणकावलं.

मग ग्रामपंचायतीत खेटे सुरू झाले. कधी ग्रामसेवक मीटिंगला, कधी कपाटाची किल्ली गायब. चौथ्या खेपेला त्या ठरावाची झेरॉक्स हातात पडली.

ठराव खराच होता. आमच्याकडे ग्रामसभेला आलं की आधी कोऱ्या पानावर सही, मग चहा. गाईम्हशींच्या धारेची वेळ झाली की माणसं उठतात आणि वरचा मजकूर मागाहून भरला जातो. त्या दिवशी शाळेचा विषयच निघाला नव्हता. मी शेतात जाणाऱ्या पाणंदीच्या दुरुस्तीवर तावातावाने बोलून घरी आलो होतो. आणि "गुरुजी, पयली सही तुमची" म्हणून ग्रामसेवकाने वही पुढे केली, तेव्हा मान मिळाला म्हणून खूशही झालो होतो. आता संमतीच्या ठरावाखाली पहिलं नाव माझंच होतं, वळणदार अक्षरात.

शेजारीण दारातच उभी होती. "घावला का कागुद? काय लिवलंय?"

झेरॉक्स माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही.

"सह्या आधी घेतल्या, ठराव मागून लिहिला," मी म्हणालो.

"कुणाकुणाच्या सह्या?"

"बऱ्याच जणांच्या," मी म्हणालो आणि चपला काढायला खाली वाकलो.