डब्यातला कापूस

डॉक्टरनं माझा गोळ्यांचा डबा पेनाच्या टोकानं सरकवला. हात लावला नाही. टेबलाच्या कडेवरून पडता पडता मी तो झेलला.

"हे इथं ठेवू नको. पिशवीत टाक."

"साहेब, नाव तं वाचून पाहा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, कोणतंही दुसरं औषध घ्यायच्या आंधी हा डबा दाखवजा."

"माहीत आहे मला. एचआयव्हीच्या गोळ्या सगळ्या सारख्याच."

दार उघडं होतं. बाहेर पेशंट बसले होते. मी डबा पिशवीत टाकला. त्यानं छातीला नळीही न लावता दम्याचा पंप लिहून दिला.

हा माणूस परका असता तर एवढं लागलं नसतं. सासूचा खोकला त्यानंच बरा केला होता. ती त्याला देवमाणूस म्हणायची, हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून त्याच्या घरी पोचवायची. म्हणून तर माझा आजार मी त्याला सांगितला. गावात कुणालाच नव्हता सांगितला.

कपाशीचं बीटी बियाणं आलं आणि आमच्या शिवारात ज्वारी नावालाच उरली. नुसता कापूस. आधी वेचणी, मग खामगावच्या जिनिंगमध्ये मजुरी. ती धूळ खाऊनच दमा जडला. हा गोळ्यांचा डबा हलला की खुळखुळ वाजायचा. बसमधल्या बायका वळून पाहायच्या. म्हणून मी त्यात वेचणीचा कापूस कोंबायचे.

पंपानं दम लागायचा थांबला, खोटं कशाला बोलू. तोंडही गोल झालं. जाऊ म्हणाली, "काय वं बाई, शेठाणी झाली तू तं! काय खाऊन राह्यली?" मी हसले. हातपाय काडीसारखे झाले होते, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

मग जांघेत कळ सुरू झाली. पाय टेकवेना. बसलं तर उठवेना. जिनिंगच्या मुकादमानं घरी बसवलं. लंगडत पुन्हा त्या देवमाणसाकडे गेले.

"या आजारात होतं असं. जिवंत आहेस ना?"

मी मान खाली घातली. जिवंत असल्याचीच लाज वाटली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईंनी पंप मागितला, डबा घेतला, दोन्हींवरचं वाचलं. मग खुब्याचा फोटो काढायला लावला. म्हणाल्या, "या गोळ्या पंपातलं औषध अंगातून निघू देत नाहीत. ते साचत गेलं. त्यानंच तोंड सुजलं, हातपाय वाळले, खुब्याचं हाड मेलंय. आता पंप एकदम सोडू नका, मी सांगते तसाच कमी करायचा."

"दुसरं औषध नव्हतं का, बाई?"

"होतं."

ते 'होतं' अजून माझ्या डोक्यात घण घालतं. रोगानं नाही, धुळीनं नाही, माझं हाड त्याच्या किळसेनं मारलं. डबा हातात घेऊन दोन ओळी वाचल्या असत्या तर मी आज वेचणीला उभी असते. भाजी खाताना नव्हती आली किळस!

काठी टेकत त्याच्या दवाखान्यात गेले. बाहेर बाकं भरलेली. आत जाऊन डब्यातला कापूस उपसला, त्याच्या टेबलावर टाकला. डबा खुळखुळ वाजवला.

"वाचा."

"हळू बोल. बाहेर लोक ऐकतात."

"ऐकू द्या! त्याइलेच सांगून राह्यली. हातात घ्या अन् वाचा."

त्यानं आधी उघड्या दाराकडं पाहिलं. मग डबा उचलला. वाचताना त्याचा आवाज चिरकला. मला त्यानं समाधान वाटलं नाही. नाव वाचल्यानं मेलेलं हाड जिवंत होत नाही.

कापूस मी परत भरला नाही. बसमध्ये डबा वाजतो, बायका वळून पाहतात. पाहू देत. यापुढं ज्या डॉक्टरसमोर बसेन, त्यानं हा डबा हातात घ्यायचा, नाव वाचायचं, मगच पेन उचलायचं. तोवर मी खुर्चीवरून उठणार नाही. तसंही मला आता लवकर उठता येत नाही.