नोकरीला नाही म्हणायला महाळुंगे पडवळला

चाकण, भीमाशंकर, महाळुंगे पडवळ, जुन्नर, आळेफाटा आणि परत चाकण. तीन दिवसांचा हा फेरा कुणालाही जमण्यासारखा आहे. रस्ता, खाणं, मुक्काम सगळं सांगतो, पण आम्ही निघालो कशासाठी ते आधी ऐका, कारण आम्ही फिरायला निघालोच नव्हतो.

सायली माझी भाची, थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. शाळेपासून टेनिस खेळते. कॉलेजच्या तीन वर्षांत विद्यापीठाच्या संघाची कप्तान झाली आणि यंदा पदवीबरोबर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीही हातात आली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि त्याच सोमवारी नाशिकला एका व्यावसायिक स्पर्धेची पात्रता फेरी होती, तिच्या आयुष्यातली पहिली. तिनं नाव देऊन टाकलं होतं. राहिलं होतं फक्त बापाला सांगणं.

"मामा, तुम्ही चला बरोबर. आप्पा तुमच्यासमोर आवाज चढवत नाहीत."

तिचे आप्पा म्हणजे माझे दाजी. बैलगाडा शर्यतीचा नाद असलेला माणूस. आवाज चढवत नाहीत हे खरं, पण गप्प बसले की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबतात. माझा ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचा धंदा आहे, गिऱ्हाईक तापलेलं असलं की आधी चहा पाजायचा हे मी त्यातच शिकलो. म्हटलं, सरळ तिच्या घरी, महाळुंगे पडवळला नको जायला. आधी भीमाशंकर करू, मन थंड करू, मग बघू.

शुक्रवारी पहाटे निघालो. चाकणमधून उजाडायच्या आत बाहेर पडा, नाहीतर कंटेनरच्या मागं दिवस जाईल. मंचरला मिसळ खाल्ली. रस्सा वाढून देतात, मागायला लाजू नका. तिथून डावीकडं घोडेगावच्या रस्त्याला लागलं की हायवेचा कलकलाट संपतो. डिंभे धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खाली गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या काठावर गुरं चरत होती. पुढचा घाट वळणांचा आहे, पण रस्ता बरा. वाटेत बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या, वीस रुपयांना द्रोण. सायलीनं दोन घेतले आणि एकही करवंद खाल्लं नाही. तेव्हा कळलं, पोरगी आतून किती आवळलेली आहे.

भीमाशंकरला शनिवार, रविवार, सोमवार टाळा. शुक्रवारी आम्हाला तासाभरात दर्शन झालं. खाली पायऱ्या उतरताना सोपं वाटतं, वर येताना गुडघे हिशोब विचारतात. खोली हजार-बाराशेत मिळाली, साधी पण स्वच्छ. मोबाइलला रेंज येत-जात असते. एरवी तक्रार केली असती, त्या दिवशी सायलीला तो देवाचा प्रसादच वाटला.

संध्याकाळी तिला विचारलं, "नोकरी करून खेळता येणार नाही?"

"येईल की मामा. पण मग सुट्टी मिळेल तेव्हा खेळायचं. समोरच्या मुली रोज खेळतात."

शनिवारी खाली उतरलो. महाळुंगे पडवळच्या फाट्यावर मी गाडीचा ब्रेकच दाबला. दहा फुटी फ्लेक्स! 'शासकीय सेवेत निवड झाल्याबद्दल गावची शान कु. सायली हिचे हार्दिक अभिनंदन.' खाली गॉगलवाले पंधरा शुभेच्छुक. सायलीच्या हातात रॅकेट आणि फ्लेक्सवाल्यानं शेजारी हौसेनं चिकटवलेलं बॅडमिंटनचं फूल.

"मामा, गाडी वळवा."

"आता कुठं वळवतेस? संध्याकाळी सत्कार आहे. खाली लिहिलंय बघ."

आमच्याकडं हे असंच. पेढे नंतर, फ्लेक्स आधी. पोरगी हजर व्हायच्या आत गावानं तिला खुर्चीत बसवूनही टाकलं होतं. घरी अक्कानं मिठी मारली, दाजी नव्या पांढऱ्या टोपीत दारात उभे. "आलीस? बरं झालं," एवढंच, पण चेहरा नुसता फुललेला. मी चहा पाजायच्या गोष्टी करणारा, तिथं मीच दोन कप चहा पिऊन गप्प बसलो.

संध्याकाळी देवळापुढं मंडप. माइकवर तोच गडी, जो जत्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पुकारतो. शाल, नारळ, फेटा झाला आणि त्यानं सायलीच्या हातात माइक दिला. मी मागं बायकांच्या कडेला बसलो होतो.

"मी नोकरीला जाणार न्हाई," ती म्हणाली. "मी खेळायला जाणार हाय."

मग एक म्हातारा म्हणाला, "अगं, पण खेळलीस की आत्तापर्यंत!"

"बाबा, कॉलेजचं खेळणं म्हंजी आपल्या गावचा घाट. पंच वळखीचा, टाळ्या आपल्याच माणसांच्या. आता दर आठवड्याला दुसऱ्या गावची जत्रा. नाव द्यायचं, नंबर लागला तर पळायचं. न्हाई जमलं तर गाडी भरायची आन् पुढच्या गावाला जायचं. चांगलं पळलं तर मोठ्या घाटात नाव लागतं."

अख्खा मंडप माना डोलवायला लागला. टेनिसचं ओ की ठो माहीत नसलेल्या माणसांना तिचा सगळा बेत एका दमात कळला. कुणीतरी ओरडलं, "नोकरी करून बी पळता येतंय की, राव!"

सायली त्याच्याकडं न बघता दाजींकडं वळली. "आप्पा, आपला सर्जा हप्ताभर नांगराला जुपला असता आन् जत्रेदिवशी घाटात उतरवला असता का तुमी?"

माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "बोलली बया! लई बेस बोलली." पण दाजी उठले, टोपी सारखी केली आणि मंडपातून चालते झाले.

रात्री दाजी घरी आले आणि जेवून झोपायला गेले. सकाळी दाजींनी एकच वाक्य टाकलं, "जुन्नरला जाऊ. बाजार हाय." अक्का बिचकली, पण मी गाडी काढली. मी, सायली, दाजी, आणि गाडीत रेडिओसुद्धा बंद. जुन्नरला गेलात तर मासवडी-रस्सा खाल्ल्याशिवाय येऊ नका, आणि रविवारी गाडी बाजाराच्या बाहेरच लावा. आम्ही गर्दीतून दाजींच्या मागं मागं चाललो. ते थांबले एका बॅगांच्या दुकानापुढं. दुकानदार शेखचाचा त्यांचे जुने ओळखीचे.

"मजबूत दावा, चाचा. चेन तुटली न्हाई पायजे."

सायलीनं माझा दंड धरला. डोळे भरलेले. "आप्पा, माझ्याकडं बॅग आहे."

"तुझ्यासाठी कोण घेतंय?"

चाचांनी एक निळी बॅग खाली काढली. "किती दिवसांसाठी जायचंय, भाऊ?"

"सीझनभर," दाजी म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "बैल कधी एकटा गेलाय का रं जत्रंला? संगं माणूस लागतो. मंडपात तेच तर म्हणत व्हतो मनाशी, पोरगी सगळं बोलली, संगं कोण ते न्हाई बोलली."

"मग उठून का गेलात?" मी विचारलं.

"समद्या गावाम्होरं रडू व्हय?"

चाचांनी बॅगेचे पैसे घेतले, पण आत एक टॉवेल फुकट टाकला. "पोरीला घाम येणार," म्हणाले.

सायलीचं सामान गाडीत होतंच, दाजींनी बाजारातूनच दोन जोड कपडे घेऊन बॅगेत भरले. आळेफाट्याला दुपारी पोचलो. तिथं चारी दिशांच्या गाड्या मिळतात आणि वडापावही गरम असतो. नाशिकच्या एसटीत खिडकीची जागा सायलीला, शेजारी दाजी, मांडीवर नवी बॅग. वर ठेवा म्हटलं तर ऐकेनात.

चाकणला परतलो. डिझेल, मुक्काम, जेवण धरून फेरा खिशाला झेपणारा आहे, बिनधास्त जा. माझ्यापुरतं विचाराल तर देव, धरण, मासवडी सगळं छान, पण मनात राहिलेत ते मंडपातून पाठ करून जाणारे दाजी. गाडीचा कुठला पाटा तुटलाय हे मी आवाजावरून सांगतो, आणि घरच्या माणसाची पाठ मात्र मी साफ उलटी वाचली.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. "हितं ओरडू देत न्हाईत, भाऊ! निस्त्या मुठी आवळून बसलो. पहिला सेट गेला. दुसऱ्यात पोरीनं असा काय मारला कोपऱ्यात, ती समोरची नुसती बघत ऱ्हायली..." एकेक बॉल हातवारे करून सांगत असणार, फोनवरही कळत होतं. वीस मिनिटं ऐकलं. दुकानात दोन ट्रक खोळंबले होते.

"दाजी, पण जिंकली का हरली?"

"हरली," ते म्हणाले. "तू आधी तिसरा सेट ऐक."