गळ्यातला लाल पेन ड्राइव्ह

त्या कारखान्यात एक गोष्ट फक्त कुजबुजून सांगायची असा रिवाज पडला होता. म्हणे, शंभरटक्क्यांनी यंत्राला चोरकुलूप घातलंय. त्याची किल्ली म्हणजे त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला लोंबणारा तो लाल पेन ड्राइव्ह. तो खोचला तरच यंत्र तोंड उघडतं. दुसरा कुठलाही खोचा, ढिम्म! उद्या मालकांच्या मनात आलं तरी या माणसाला हात लावता येणार नाही. पॅकिंगवाला हे स्टोअरवाल्याला सांगायचा, स्टोअरवाला वरून थोडं मीठ लावून पुन्हा पॅकिंगवाल्यालाच सांगायचा, आणि दोघंही नव्यानं चकित व्हायचे.

शंभरटक्के हे काही बारशात ठेवलेलं नाव नव्हे. काहीही विचारा, उत्तर एकच: "शंभर टक्के!" सर्किट चालेल का? शंभर टक्के. मंगळवारपर्यंत होईल का? शंभर टक्के. मंगळवार गेला, पुढचाही गेला, तरी टक्का काही घसरायचा नाही. स्वतःला विचारलेल्या प्रश्नांची अशी दणदणीत उत्तरं देणारा हा गृहस्थ दुसऱ्याला मात्र जन्मात प्रश्न विचारत नसे. विचारलं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल केलं, आणि ते कसं चालेल? बायकोला चपला आणायच्या तर तिचा नंबर विचारायचा नाही. नजरेनं मापायच्या. अकरा वर्षांच्या संसारात घरी सहा जोड साठले होते, सगळे बोटभर तोकडे. "तुझे पाय वाढतात," असं ते बायकोला समजावत.

आता यंत्राचं. शीतगृहाच्या खोलीत भिंतीवर लावायची छोटीशी पेटी. दर मिनिटाला तापमान टिपायचं, आणि पेन ड्राइव्ह खोचला की सगळी नोंद त्यात उतरवून द्यायची, एवढंच तिचं काम. सर्किट शंभरटक्क्यांचं, प्रोग्रामही त्यांचाच. सहा ठिकाणी पेट्या नमुन्यादाखल लावल्या होत्या, आणि दर आठवड्याला शंभरटक्के स्कूटरवरून सहाही ठिकाणी जात. डॉक्टरनं छातीवर नळी लावावी तसा गळ्यातला पेन ड्राइव्ह पेटीला लावत. हिरवा दिवा लागे. आजूबाजूचे लोक आदरानं बघत. दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हनं दिवा का लागत नाही, हे खरं तर त्यांनाही माहीत नव्हतं. पण कुलपाची कुजबुज एकदा चहाच्या यंत्रापाशी त्यांच्या कानावर पडली, आणि त्यांनी ती खोडून काढली नाही. नुसते गालात हसले आणि दोरीला हात लावला. झालं! बातमीवर शिक्काच बसला.

एकच बाई या दिव्याला भुलली नाही. तपासणीच्या टेबलावर बसणारी, चष्म्याआडून माणसांकडेही सुट्या भागांसारखी बघणारी. तिनं प्रोग्रामच्या कागदावर बोट ठेवलं.

"सर, हे दोन आणि पाच आकडे हातानं का लिहिलेत?"

"पेन ड्राइव्हचे आहेत."

"कुठल्या पेन ड्राइव्हचे?"

"पेन ड्राइव्हचे म्हणजे पेन ड्राइव्हचे! त्यात कुठल्या काय?"

तिनं शांतपणे सांगितलं. पेन ड्राइव्हला आत दोन वाटा असतात, एकीनं माहिती आत जाते, दुसरीनं बाहेर येते. वाटांचे क्रमांक ज्याचे त्याचे. पण तो बिचारा गुणी असतो; खोचल्यावर यंत्रानं विचारायचा अवकाश, 'मी अमका, माझ्या वाटा अमक्या' असं घडाघडा सांगतो. "आपलं यंत्र विचारतच नाही, सर. दोन आणि पाचवर जाऊन धडका मारतं. माझ्या पेन ड्राइव्हचे एक आणि दोन आहेत."

"मग तुमचा चुकीचा आहे."

"दुकानातले आठ तपासले. आठही चुकीचे?"

"शंभर टक्के!"

बाई चष्मा पुसत आपल्या टेबलाकडे गेली. तिचं बरोबर आहे हे मात्र शंभरटक्क्यांना तिसऱ्याच वाक्याला कळलं होतं.

तेवढ्यात मोठं गिऱ्हाईक आलं. चाळीस खोल्यांचं शीतगृह, त्याची व्यवस्थापक स्वतः पेटी बघायला आली. मालकांनी टेबलावर नवं कापड अंथरलं होतं. व्यवस्थापकबाईंनी किल्ल्यांच्या जुडग्यातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढला आणि कुणी हां हां म्हणायच्या आत खोचला. पेटी गप्प. पुन्हा खोचला. पेटीनं जणू मौनव्रतच घेतलं होतं. मग शंभरटक्के पुढे सरसावले, गळ्यातून लाल पेन ड्राइव्ह काढून लावला. हिरवा दिवा! "बघा, यंत्र उत्तम आहे," ते म्हणाले.

"असेल हो," बाई म्हणाल्या. "पण खोल्या चाळीस आहेत माझ्याकडे. दर खोलीच्या दारात या गृहस्थांना उभं करू का?"

त्या गेल्या. जाताना आठवड्याची मुदत देऊन गेल्या. मालकांनी शंभरटक्क्यांना आत घेऊन केबिनचं दार लावलं.

"कारखानाभर चर्चा आहे. खरं सांगा, कुलूप घातलंय तुम्ही?"

आता बघा कशी गंमत असते एकेका माणसाची. 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग चालत का नाही? आणि त्याचं उत्तर, साहेब, मला नीट येत नव्हतं. शंभरटक्क्यांनी मनातल्या मनात दोन्ही पारडी तोलली. लबाडाला लोक वचकून असतात, बावळटाला हसतात. त्यांनी मान ताठ केली.

"घातलंय. शंभर टक्के."

मालकांनी टेबलावर बोट आपटलं. "उद्या दुपारपर्यंत काढा. झालं गेलं विसरू. नाही काढलंत तर तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा."

नसलेलं कुलूप काढायचं कसं? जिन्यात तपासणीवाली बाई उभी होती. केबिनच्या भिंती पातळ होत्या, आणि तिचे कान तिखट.

"सर, चाळीस ओळींचं काम आहे. मी लिहून देते. नाव तुमचंच राहू दे. फक्त म्हणा, लिही."

नोकरी वाचायला एक शब्द पुरे होता, तोही दोन अक्षरी. शंभरटक्क्यांनी तोंड उघडलं. ओठ हललेसुद्धा. पण 'लिही' म्हणायचं म्हणजे विचारण्याचाच प्रकार, नाही का? "मला शिकवू नका, बाई," ते म्हणाले आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मालकांना सुनावलं, "माझ्या बुद्धीवर मी पहारा बसवला, त्यात गैर काय? काढणार नाही." मालकांनी पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच दार दाखवलं. पुठ्ठ्याचं खोकं काखोटीला मारून शंभरटक्के हुतात्म्याच्या चालीनं निघाले. पॅकिंगवाला उठून उभा राहिला, आणि ते बघून यांची छाती आणखी दोन बोटं फुगली. बाईनं संध्याकाळच्या चहाआधी चाळीसऐवजी अडतीस ओळींत काम उरकलं. मग दुकानातले आठही पेन ड्राइव्ह ओळीनं लावून बघितले. आठही हिरवे. कारखान्यात लोक म्हणाले, "बाईनं कुलूप तोडलं! पण घालणाराही काय डोकेबाज!"

घरी बायकोनं खोकं रिकामं करायला घेतलं. कप, सर्किटच्या तारांना डाग द्यायची कांडी, आणि तळाशी काळी दोरी.

"अगं बाई! अहो, हा तर माझा!"

"असेल."

"असेल काय? दादाच्या लग्नाचे सगळे फोटो होते यात! दोन वर्षं झाली, वहिनीनंच ढापला म्हणून मी तिच्याशी बोलत नाहीये! कुठे गेले फोटो?"

"पुसले. जागा लागत होती."

"आणि मला विचारलं का नाहीत?"

"कपाटात तर पडला होता," शंभरटक्के म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

बायकोनं हाताशी असलेला तोकड्या चपलांचा जोड उचलला. पुढचं सांगायला नको.

कुलपाची गोष्ट अजून सांगितली जाते. यंत्राला कुलूप कधीच नव्हतं. शंभरटक्क्यांनी घरातला एकच पेन ड्राइव्ह घेऊन प्रोग्राम लिहिला, त्याचे दोन आकडे हातानं टाकले, आणि बाकीचे पेन ड्राइव्ह वेगळे असतात हे त्यांना माहीत नव्हतं.