मंडईच्या दिवशी काढून घेतलेला फोन

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात, आणि मंडई फिरून आलं की बिघडलेलं डोकं ताळ्यावर येतं असा सगळ्यांचा ठाम समज आहे. त्याच भरवशावर माझ्या भावानं त्या सकाळी आपल्या लेकीचा फोन काढून घेतला.

परीक्षेत नापास झाल्यापासून पोरगी दिवसभर खोलीत पडून गेम खेळायची. जेवणाकडे लक्ष नाही, अंघोळीचा पत्ता नाही. "ताई, हा तुया पिशवीत ठेव. चार मानसांत बसली का होते बरी," भाऊ म्हणाला. मलाही पटलं. त्या गेमचा मला मनापासून राग होता.

पण आमची चार माणसं म्हणजे काय! जो येई तो हातपाय धुवायच्या आत विचारी, "काऊन वं बाई, निकालाचं काय झालं?" पोरगी पाण्याचे पेले देत फिरत होती आणि दर उत्तराला तिचा आवाज बारीक होत होता. एका पाहुण्यानं तर, "मंग आता पोरगा पाहून टाका," असा सल्लाही देऊन टाकला. त्याच्या ताटात वाढलेलं काढून घ्यावं असं मला वाटलं.

दुपारी ती दिसेना. मंडईत गेली असेल म्हणून भाऊ पाळण्यांकडे धावला. मी मागच्या अंगणात पाहत होते. तिथे भोंग्यांचा आवाज जरा कमी होता, म्हणून काखेतल्या पिशवीत वाजणारा फोन ऐकू आला. पलीकडे एक अनोळखी मुलगी होती, घाबरलेली.

"आंटी, मैं उसके साथ गेम खेलती हूँ. वो ठीक है ना? कल बोल रही थी, मेहमानों के सामने जाने से तो तालाब अच्छा. मैंने कहा था, सुबह मुझसे बात करना. सुबह से फोन लगा रही हूँ."

मी तशीच तलावाकडे धावले. चपला कुठे सुटल्या ते कळलं नाही. तलावाच्या पाळीवर चढले तर खाली ती नव्या ड्रेसमध्ये गुडघाभर पाण्यात उभी. हाक मारायची भीती वाटली. मी लुगड्यासकट पाण्यात शिरले आणि तिचं मनगट धरलं.

डॉक्टर, औषधं, ते सगळं नंतर झालं. तेव्हा ती एवढंच बोलली, "आत्या, फोन दे. तिले सांगा लागते, मी अजून हावो म्हणून."

घर रक्ताच्या माणसांनी भरलं होतं. त्यातल्या कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही. मी फोन तिच्या हातात दिला. मनगट मात्र सोडलं नाही.